विषय: डिप्सीचा सराव – स्टिन्सनला तिसरी गाडी कोणाची?

बंडू (क्रीडा समिती):
मंडळी, डिप्सीच्या (कॅलिफोर्नियात मिल व्हॅलीहून डोंगरवाटेने स्टिन्सन बीचपर्यंत पळायच्या शर्यतीच्या) सरावाचा शनिवार तोंडावर आलाय आणि स्टिन्सनला गाडी ठेवायला अजून दोघांचाच होकार आहे. आपण १४ जण. मिल व्हॅलीहून पळत गेल्यावर परत यायला तिकडे तीन गाड्या लागणारच. साडेसातला त्या तिथे लावायच्या, चौथ्या गाडीतून मिल व्हॅलीला परत यायचं आणि नऊला सुरुवात. आज रात्रीपर्यंत कळवा.

तात्या:
गाड्यांचं होईल. किल्ल्या कोणाकडे राहणार ते आधी ठरव. गेल्या वर्षी एकाची किल्ली मिल व्हॅलीतल्या पिशवीत राहिली आणि आम्ही पाच जण घामाने भिजलेल्या कपड्यांत, धुक्यात कुडकुडत उभे. वाटेतल्या म्युर वुड्सच्या जंगलात फोनला रेंज नसते, त्यामुळे मागच्यांना सांगायचीही सोय नव्हती. गाडी ज्याची, किल्ली त्याच्या चेनच्या खिशात. शिवाय वाहतूक इतकी वर्षं मी बघतो. वेळा ठरवण्याआधी मला एक फोन करायला हवा होता.

अक्का:
एवढं कशाला? स्टिन्सनहून ६१ नंबरची बस आहे की.

माई:
अक्का, ती बस गेली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं, आणि १४ जण एकदम मावतील याची खात्री नाही. तात्या, किल्ली पळणाऱ्याकडे नकोच. त्याचाच पाय कार्डिॲकच्या चढावर धरला, तर पुढे पोचलेल्यांनी काय करायचं?

माझं ऐका. शर्यतीत वय आणि स्त्री-पुरुष बघून गट एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात, तसंच आपणही करू. म्हातारी आणि लहान मुलं आधी, तिशीच्या आतले पुरुष शेवटी. सगळे थोड्याफार फरकाने पोचतील, कोणी ताटकळणार नाही. या पद्धतीमुळेच २०१० मध्ये ८ वर्षांची मुलगी पहिली आली होती आणि जॅक कर्क १९६७ मध्ये साठीत जिंकले होते.

बंडू:
माई, शर्यतीला ठीक आहे. सरावाला निम्मे नवीन आहेत. वाटेला फाटे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. नवीन माणूस एकटा पुढे गेला आणि चुकला, तर रेंज नसताना शोधायचा कसा? किमान म्युर वुड्सपर्यंत एकत्रच जाऊ.

अण्णा:
नवीन लोकांना पॉयझन ओक या खाजऱ्या झुडपाचंही सांगा. तीन-तीन पानांचा झुपका, नवी पालवी तांबूस, चकचकीत. मी एकदा पुढच्याला वाट द्यायला झुडपात सरकलो. दुसऱ्या दिवशी पोटरीवर पुरळ, मग पाण्याने भरलेले फोड, रात्रभर खाज. आमच्या आजीला बिब्बा उतला होता, अगदी तसंच दिसत होतं. दोन्ही झाडं आंब्याच्याच कुळातली. लांब मोजे घाला, घरी गेल्या गेल्या साबणाने पाय धुवा आणि बूटही पुसा, कारण तेल बुटावर राहतं.

अक्का:
अण्णा, आंबा खाऊनसुद्धा ओठाला चट्टे उठतात काहींच्या. माझ्या जावेला उठतात.

तात्या:
आंब्याचं राहू द्या. माईंचं एक पटलं, किल्ली पळणाऱ्याकडे नको. गुडघ्यामुळे मला मिल व्हॅलीतल्या त्या सहाशेहून जास्त पायऱ्या यंदा झेपायच्या नाहीत. मी स्टिन्सनला थांबतो, तिन्ही किल्ल्या माझ्याकडे द्या. कोरडे कपडे आणि पाणीही तिथेच ठेवा. एवढं करा, कुत्रा आणू नका. स्टेट पार्कच्या त्या वाटांवर कुत्र्यांना बंदी आहे आणि मी सांभाळणार नाही.

बंडू:
तात्या, हे उत्तम झालं. पण तिसरी गाडी?

अक्का:
माझी सात सीटची धरा. मुलाची कार सीट मागच्या रांगेत आहे, ती आदल्या रात्री कोणीतरी काढून द्या. मला ते बक्कल निघत नाही.