टर्मिनलवरून फॉन्टची यादी काढली तर मुक्ता दिसतच नाही

प्रश्न:
जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, आई वाचनालयाच्या सूचना त्यावर टाइप करते. मुक्ता फॉन्ट उतरवून होममधल्या डॉट-लोकल, मग शेअर, मग फॉन्ट्स या फोल्डरात ठेवला. टर्मिनलमध्ये एक्सएलएसफॉन्ट्स ही फॉन्टची यादी देणारी कमांड चालवली तर डॅशडॅशवाल्या लांबलचक ओळी आल्या आणि मुक्ता कुठेच नाही, पण लिबरऑफिसमध्ये तर दिसतोय! मग खरी यादी कुठली?

उत्तर 1:
दोन्ही खऱ्या, कोणाला विचारता त्यावर आहे. एक्सएलएसफॉन्ट्स एक्स सर्व्हरला, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला विचारतं आणि तो फक्त स्वतःच्या फॉन्ट पाथमधले, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या फोल्डरांतलेच सांगतो, तुमचं होम फोल्डर त्यात नसतं. त्या डॅशवाल्या नावात 14 रकाने असतात, फाउंड्री (फॉन्ट बनवणारी संस्था), फॅमिली (फॉन्टचं नाव), जाडी, तिरपेपणा असे, जुने प्रोग्रॅम फॉन्ट त्याच नावाने मागायचे. हल्लीचे बहुतेक प्रोग्रॅम फॉन्टकॉन्फिगला, म्हणजे फॉन्ट शोधून देणाऱ्या लायब्ररीला विचारतात, त्याची कमांड एफसी-लिस्ट. मराठीपुरतं हवं तर एफसी-लिस्ट, स्पेस, कोलन, आणि कोलनला चिकटून लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर. त्यापुढे स्पेस देऊन फॅमिली लिहा म्हणजे फाइलचे पाथ न येता नुसती नावं येतात. नवीन फॉन्ट आला नाही तर एफसी-कॅश चालवा.

प्रश्नकर्ता:
आला मुक्ता!! लोहित हा दुसरा फॉन्टपण आहे. पण वाचनालयाच्या जुन्या फायली शिवाजी फॉन्टमध्ये आहेत, तोही मी त्याच फोल्डरात टाकलाय, तो मराठीच्या यादीत का नाही?

उत्तर 2:
कारण तो युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत त्यात नाही. शिवाजीत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली आहेत, त्यामुळे फॉन्टकॉन्फिगला तो मराठी वाटतच नाही, लँग न लावता पूर्ण यादी काढा, सापडेल. म्हणूनच त्या फायलींचा फॉन्ट बदलला की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. नवीन सूचना कृपया युनिकोडमध्येच करा आणि जुन्या फायली युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून आईंना एकदा वाचायला द्या, जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास घसरतात.
आणि एक, ‘सुट्ट्या’ ठीक येईल पण ‘दुसऱ्या’ मधला ऱ बघा. लँगच्या जागी कॅरसेट आणि एमआरच्या जागी 0931 (ऱ चा युनिकोड क्रमांक) घातलं की ते अक्षर असलेलेच फॉन्ट येतात, मी फॉन्ट निवडताना आधी हेच बघतो.

प्रश्नकर्ता:
बघितलं, मुक्तात आहे ऱ. आजपासून सूचना त्यातच, जुन्या फायली रविवारी काढतो.