नवे लोक सायकल ग्रुपमध्ये नाही शिकणार तर कुठं शिकणार?

फुटाळा_फिरस्ता:
"ग्रुप म्हणजे बालवाडी नव्हे, नव्यांनी आधी एकट्यानं तयार होऊन यावं" ही परवाची पोस्ट आणि तिच्याखालची लाइकची रांग पाहून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. एकट्यानं दम वाढेल, पाय तयार होतील. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवणं एकट्यानं कसं शिकायचं? नजर त्याच्या चाकावर खिळवायची नाही, खांद्यावरून पुढं बघायचं. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही, कारण तो जरा सरकला की आडवा होतो तो मागचाच. चढावर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, म्हणून आधी आवाज द्यायचा. हे कोणी सांगितल्याशिवाय कळतं का? रामटेकच्या राईडला मनसरच्या अलीकडे एका नव्या पोरानं कचकन ब्रेक मारला. शिव्या सगळ्यांनी घातल्या. निघताना दोन गोष्टी सांगायला मात्र कोणालाही वेळ नव्हता.

रिंगरोड_पहाटे:
ती पोस्ट माझी. त्या ब्रेकनं माझा मित्र पडला, कॉलरबोन गेलं, म्हणून लिहिली. हायवेवर मागून ट्रक येत असताना मी शिकवणी घेऊ का? आणि आपल्या नागपूरच्या अमित समर्थांनी २०१७ मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत, एकट्यानं पूर्ण केली. तिथं कोणाच्या मागे चिकटून जायची परवानगीच नसते. एकट्यानं चालवणं कमी समजू नका.

धरमपेठ_ताई:
दादा, रॅमला मागे सपोर्टची गाडी असते. आमच्यामागे कोण असतं? स्वीपला, म्हणजे सगळ्यांच्या मागे, राहायचं ज्यानं कबूल केलं तोच सगळ्यात पुढं पळतो. पंक्चर झालं तेव्हा कामठी रोडला मी एकटी उभी होते आणि ग्रुपवर तर्री-पोह्याचे फोटो येत होते. एटिकेट फक्त नव्यांनाच लागू आहे का?

मानेवाडा_बुलेट:
काहून एवढं डोकं खाऊन राहिले बे? कोपर हलवा, बोट दाखवा, खांदा बघा... सायकल चालवाची का नाटक करायचं? पोट्टे गड्डा आला की "गड्डा" म्हणून बोंबलतात, तेवढं पुरते.

फुटाळा_फिरस्ता:
बोंबलणं सातव्या माणसापर्यंत पोचतं का भाऊ? वर्धा रोडला मेट्रोच्या पुलाखाली शेजारचं ऐकू येत नाही. हाताची खूण एकानं पाहून पुढं द्यायची असते, म्हणून ती शिकवावी लागते.

काटोल_रोडकर:
खुणा गेल्या खड्ड्यात, आधी सिमेंट रोडचं बोला. दोन स्लॅबच्या मधली उभी फट २५ मिमीच्या बारीक टायरला गिळते. खूण केली तरी वळणार कुठं? डावीकडे रस्त्याची कड वीतभर उंच आणि खाली गट्टू उखडलेले.

मानेवाडा_बुलेट:
हे बरोबर बोलला. एक तर मे महिन्यात तो सिमेंट रात्री दहा वाजेपर्यंत तापून राहते.

रिंगरोड_पहाटे:
डांबर काय थंड असतं? पहिल्या पावसात वाहून जायचं ते विसरलात. रस्ता टिकतो हे तरी कबूल करा.

काटोल_रोडकर:
टिकतो! केबलसाठी फोडला की वर्षभर तसाच टिकतो. तुम्ही कंत्राटदार आहात का हो?

रिंगरोड_पहाटे:
तोंड सांभाळून. मी सायकलवाला आहे, तुमच्याआधीपासून.

धरमपेठ_ताई:
झालं. स्वीपचं विचारलं होतं, उत्तर सिमेंटचं आलं. तरी काटोलवाल्यांचा मुद्दा मला उपयोगी आहे: फट उभी असेल तर जोडीनं जायचं नाही, एकामागे एक व्हायचं आणि अंतर वाढवायचं. हेही नव्यांना कोणीतरी सांगायलाच हवं ना?

समृद्धी_बंद:
माझी तक्रार वेगळी. पुढं वाऱ्यात जाणाऱ्याच्या मागे बसलं की पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. आमचे जुनेजाणते ती वाचवतात आणि शेवटच्या फाट्यावर पाटी दिसली की सुसाट. शिकवणी तिथूनही सुरू करा. आणि तंबाखूचा खर्रा खाऊन लीड घेणाऱ्याचं, म्हणजे सगळ्यात पुढं चालवणाऱ्याचं, काय? मागच्याच्या चष्म्यावर जे येतं त्याची खूण कोणती?

मानेवाडा_बुलेट:
😂 ते मी नाही. मी मागेच राहतो.

फुटाळा_फिरस्ता:
रिंगरोडभाऊ, मित्राच्या खांद्याचं वाईट वाटलं. पण त्या पोराला सकाळी झिरो माइलला, निघायच्या आधी पाच मिनिटं दिली असती तर? हायवेवर शिकवा असं कोण म्हणतंय? सेमिनरी हिल्सला चढ आहे, उतार आहे, पहाटे गाड्या कमी. दोन-दोनच्या जोड्या करून तिथं करून घ्या. चांगलं जमलं की मग जबलपूर रोड.

रिंगरोड_पहाटे:
पाच मिनिटांत कोणी शिकत नाही. पण तुम्हाला एवढीच हौस असेल तर रविवारी साडेपाचला सेमिनरी हिल्सला मी येतो. हेल्मेट नसलेला आणि कानात इअरफोन घातलेला परत जाईल. लीडवरून बाजूला होताना पेडल सोडून बसणाऱ्या जुन्यांनाही तेच लागू, नावं घेत नाही. पोहे तुमच्याकडून.

धरमपेठ_ताई:
आणि स्वीप?

रिंगरोड_पहाटे:
मीच राहतो, ताई. आता तरी झोपा.

काटोल_रोडकर:
सेमिनरी हिल्सला येताना कुठल्या रस्त्यानं येणार ते आधी ठरवा. सिमेंटवरून मी येणार नाही.