परदेशी नोकरभरतीचा छोटा परवाना: बँक हमीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात राहतो. आसपासच्या वाड्यांतील गवंडी, वेल्डर आणि एसीचे काम जाणणाऱ्या मुलांची कागदपत्रे मुंबईतील एका परवानाधारक एजन्सीकडे पोहोचवण्याचे काम मी गेली नऊ वर्षे केले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीशिवाय भरती करता येत नाही आणि उपएजंट नावाची व्यक्ती त्या कायद्यात कोठेच नाही, हे मला फार उशिरा समजले.

कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा सरकारने ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी ठरवली आहे. पावती तेवढ्याचीच मिळते. परंतु मध्ये माझ्यासारखे दोघे-तिघे असल्यामुळे मुलाच्या घरून लाख-सव्वा लाख रुपये जातात आणि त्यासाठी आईचे दागिने गहाण पडतात. त्यातला वाटा मीही घेतला आहे, याची मला खंत वाटते.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातील एका मुलाला कोणीतरी व्हिजिट व्हिसावर आखातात पाठवले. तो दहावी उत्तीर्ण नव्हता, म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची उत्प्रवास मंजुरी लागणारा) होता. उत्प्रवास मंजुरीच न घेतल्याने प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण त्याला लाभले नाही, आणि हात कायमचा निकामी होऊन तो रिकाम्या हाताने परतला. तेव्हापासून मी नवीन कागदपत्रे घेणे बंद केले आहे. कोणी विचारले, तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजन्सीचे नाव आणि परवान्याची मुदत पाहून घ्यायला सांगतो.

आता हेच काम मला कायदेशीरपणे करायचे आहे. मोठ्या परवान्यासाठी ५० लाखांची बँक हमी लागते, जी माझ्या आवाक्याबाहेर आहे. १०० कामगारांपर्यंतच्या छोट्या परवान्याला मात्र ८ लाखांची हमी पुरते. आमची बँक तेवढ्या पूर्ण रकमेची मुदत ठेव मागते आहे. जमीन तारण ठेवावी, तर सातबाऱ्यावर चार भावांची नावे आहेत. ठेवीऐवजी दुसरे तारण देऊन अशी हमी कोणी मिळवली आहे का, आणि कोणत्या प्रकारच्या बँकेने ती दिली?

दुसरे असे की, त्या एजन्सीने खेडमध्ये शाखा उघडून मला पगारावर नेमण्याची तयारी दाखवली आहे. शाखेला रीतसर परवानगी मिळाली, तर माझे काम नियमात बसेल, की नाव बदलून मी पुन्हा उपएजंटच ठरेन? मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक (परदेशी जाणाऱ्या कामगारांचे काम पाहणारा सरकारी अधिकारी) कार्यालयात शाखेचा अर्ज केलेल्या कोणी त्यासोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी येथे दिल्यास फार उपकार होतील. एजन्सीला मला पुढील महिन्यात उत्तर द्यायचे आहे.