ड्रॉसेराचं बी उगवत नाहीये, ५ आठवडे झाले

ओली_कुंडी:
ड्रॉसेरा कॅपेन्सिसचं (किडे खाणाऱ्या झाडाची एक जात) बी पेरून आज ५ आठवडे झाले. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घेतलं, बी टाकल्यावर वरून मातीचा पातळ थर दिला, रोज नळाचं पाणी फवारते. कुंडीत हिरवट साय धरलीये, रोप मात्र एकही नाही. बी जुनं असेल का? की आधी फ्रिजमध्ये ठेवायला हवं होतं? पुडीत थोडं बी उरलंय, तेही घालवायचं नाहीये.

दलदल:
बी बहुतेक चांगलंच होतं. माझी पहिली पेरणी अशीच गेली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते गांडूळखत. हे झाड दलदलीतलं, जिथे जमिनीत नत्र जवळपास नसतंच. म्हणून तर ते पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतं. त्याच्या मुळांना खत सोसत नाही, शेवाळाला मात्र मानवतं. तुमची हिरवी साय त्यातूनच आली. खत न मिसळलेलं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेलं परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे) घ्या. कोकोपीटमध्ये पुष्कळदा क्षार असतात, मी ते वापरणं सोडलं.

दुसरं म्हणजे या बियांना रुजायला उजेड लागतो. वर माती पडली की संपलं. घडी घातलेल्या कागदावर बी घ्या, कागदाला हलकेच टिचक्या मारत ते ओल्या पीटवर पसरा, आणि तसंच उघडं राहू द्या. दाबायचंही नाही.

पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. तेही वरून नको. माझं सगळं बी फवाऱ्याने वाहून एका कडेला गोळा झालं होतं. कुंडी ताटलीत ठेवा, ताटलीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी कायम असू द्या.

फ्रिजचा सल्ला चुकीचा नाही, पण तो रोटुंडिफोलियासारख्या थंड प्रदेशातल्या ड्रॉसेराच्या जातींसाठी. त्यांना ओलसर गारव्यात ४ ते ६ आठवडे काढावे लागतात. कॅपेन्सिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं, त्याला याची गरज नाही. उरलेल्यातलं निम्मंच बी आता पेरा. बाकीचं कोरडं, पुडीतच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते टिकतं.

थेंब:
आरओचं पाणीही चालतं, फक्त टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजून घ्या. काही यंत्रं शेवटी खनिजं परत मिसळतात. मी टीडीएस ५० पीपीएमच्या वर गेलेलं पाणी वापरत नाही. आणि कुंडीवर पारदर्शक झाकण ठेवा, पण दिवसातून एकदा उघडा, नाहीतर बुरशी येते. थेट कडक ऊन झाकणावर पडू देऊ नका, आत भट्टी होते.

ओली_कुंडी:
सगळं नव्याने केलं. आज २६ वा दिवस. काल भिंगातून टाचणीच्या डोक्याहून लहान हिरवे ठिपके दिसले, ११ मोजले. एकाच्या पानावर बारीक लाल केस आहेत आणि केसाच्या टोकाला थेंब! इतक्या लहान पानावर! पण पानं गोल आहेत. कॅपेन्सिसची पानं लांब पट्टीसारखी असतात ना? बी दुसऱ्याच जातीचं निघालं का?

दलदल:
वा! ११ म्हणजे छान उगवलंय. गोल पानांची काळजी नको, कॅपेन्सिसची पिल्लं गोल पानांचीच असतात. लांब पानं पुढे येतात.

आता हात लावू नका. रोपं दाटीने असली तरी उपटून वेगळी करण्याची घाई नको, मुळं केसाएवढी असतात. ३-४ पानांवर थेंब नीट दिसू लागले की माशांचं कोरडं खाद्य चुरून पीठ करा, ओल्या टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा कण एका पानावर ठेवा. जास्त झालं तर पान कुजतं. झाकण काढाल तेव्हा एकदम काढू नका, रोज थोडी फट वाढवत न्या. हवा कोरडी लागून थेंब नाहीसे झाले तर घाबरू नका, नवीन पानांवर परत येतात.