लसीची चाचणी मध्येच थांबली, धाकटा भाऊ त्यात आहे. घरी काय सांगू? मदत हवी आहे

वेळूबन

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ एका नव्या लसीच्या चाचणीत स्वयंसेवक आहे. पहिला डोस झालाय, दुसरा व्हायचा होता. तेवढ्यात केंद्राकडून मेसेज आला की सुरक्षाविषयक आढाव्यासाठी डोस देणं तात्पुरतं थांबवलं आहे, पुढची तारीख कळवू. बस, एवढंच. कोणाला काय झालं, किती दिवस लागतील, आधीच डोस घेतलेल्यांनी काय करायचं, एक अक्षर नाही.

इकडे बातम्यांत मथळा आला, 'लसीमुळे स्वयंसेवक गंभीर'. मी बातमी शेवटपर्यंत वाचली. आत 'लसीमुळे' असं कोणीच म्हटलेलं नाही. एका स्वयंसेवकाला आजार झाला, कारण शोधणं चालू आहे, तोवर थांबलो आहोत, इतकंच. पण मथळा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि आईच्या जिवाला घोर लागला. आत्या म्हणते, आत्ताच्या आत्ता नाव काढून घ्या. काका म्हणतात, थांबवली म्हणजे काहीतरी लपवतायत. मावसभाऊ दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचंच आहे, कशाला बाऊ करता. यातलं कुठलंच उत्तर आईला द्यावंसं मला वाटत नाही.

भाऊ तसा बरा आहे. केंद्राने त्याला एक डायरी दिली आहे. रोज तापमान लिहायचं, टोचलेल्या जागी लाली आली तर सोबतच्या छोट्या पट्टीने मोजून लिहायची, डोकेदुखी, थकवा, मळमळ यांचे रकाने भरायचे. ती डायरी मी सहज चाळली, तर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'डाव्या पायाला मुंग्या, रात्री'. मुंग्यांसाठी रकाना नाही. त्याने हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, बातमी वाचल्यानंतरच जाणवायला लागलं, त्यामुळे खरं आहे की मनाचं ते कळत नाही. आपल्याला लस मिळाली की प्लासिबो (तुलनेसाठी दिलेली, लस नसलेली सुई), हेही त्याला माहीत नाही.

माझ्या परीने वाचन केलं. सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची चाचणी अशीच थांबली होती. ब्रिटनमधल्या एका स्वयंसेविकेला मज्जारज्जूच्या सुजेसारखी लक्षणं दिसली होती. ६ सप्टेंबरला थांबलेली चाचणी ब्रिटनमध्ये १२ तारखेला पुन्हा सुरू झाली. भारतात औषध महानियंत्रकांनी नोटीस दिल्यावर सीरमने चाचणी थांबवली आणि १५ सप्टेंबरला पुन्हा परवानगी मिळाली. अमेरिकेत मात्र २३ ऑक्टोबर उजाडला. आईने हे ऐकून लगेच विचारलं, एका देशाला सहा दिवसांत जे पटलं, ते दुसऱ्याला दीड महिना का पटलं नाही? मला उत्तर देता आलं नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगा. आत्ता नाव काढलं तर त्याची तपासणी बंद होईल का? केंद्राला नेमकं काय विचारायचा त्याला हक्क आहे? आणि आईला खोटा धीर न देता काय सांगता येईल?

वाटसरू

ताई, मी बरीच वर्षं चाचणी केंद्रावर समन्वयक होतो. आधी मुंग्यांचं बोलू, बाकीचं नंतर.

आजच केंद्राला फोन करायला सांगा. संमतीपत्रावर मुख्य संशोधक डॉक्टरांचा नंबर असतो, स्वयंसेवकाला दिलेल्या कार्डावरही असतो. खरं की मनाचं हे ठरवणं त्याचं काम नाही. त्याने फक्त सांगायचं: कधी सुरू झालं, कुठल्या पायाला, किती वेळ राहतं. बातमी वाचल्यावर जाणवलं हेसुद्धा सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डायरीतल्या रकान्यांत ठरलेली, अपेक्षित लक्षणं असतात. जे रकान्यात बसत नाही ते तर आवर्जून कळवायचं असतं. आणि पायात जोर नसणं, लघवीला त्रास, दिसायला अंधुक असं काही झालं तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचं आणि ते कार्ड दाखवायचं. उपचारासाठी गरज पडली तर लस होती की प्लासिबो हे त्या एका माणसापुरतं उघड करण्याची सोय प्रत्येक चाचणीत असते.

आता नाव काढण्याबद्दल. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं, त्यासाठी कोणी अडवू शकत नाही. पण 'पुढचा डोस नको' आणि 'मला चाचणीतच राहायचं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोस नाकारून तपासण्या चालू ठेवता येतात, आणि आत्ता त्याच्या फायद्याचं तेच आहे. चाचणी थांबते तेव्हा टोचणं आणि नवी भरती थांबते. आधी टोचलेल्यांवर लक्ष ठेवणं थांबत नाही, उलट वाढतं. आत्याबाईंचं ऐकून सगळंच सोडलं तर ज्यांचं त्याच्यावर बारीक लक्ष असतं त्याच लोकांपासून तो तुटेल.

मेसेज दोन ओळींचा का, तेही सांगतो. गंभीर घटना घडली की केंद्र ती कंपनीला, एथिक्स कमिटीला (स्वयंसेवकांचं हित जपणाऱ्या स्वतंत्र समितीला) आणि नियमांप्रमाणे नियामकांना कळवतं. मग कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांचं सुरक्षा मंडळ बसतं. लस कोणाला आणि प्लासिबो कोणाला, हे त्या मंडळाला पाहता येतं. केंद्रावरच्या नर्सला, डॉक्टरला ते माहीत नसतं, नसायलाच हवं. त्यामुळे मेसेज पाठवणाऱ्यालाही फारसं काही ठाऊक नसतं. शिवाय आजारी माणसाची ओळख जपायची असते. तरीही 'तुम्ही आता काय करायचं' हे लिहायला कोणाची मनाई नव्हती. ते न लिहिणं ही चूकच, आणि ती सर्रास होते.

तुमच्या आईंचा प्रश्न अगदी योग्य आहे. प्रत्येक देशाची नियामक संस्था स्वतंत्र असते, एकीने हो म्हटलं म्हणून दुसरी बांधील नसते. ब्रिटनमध्ये त्यांच्या नियामकांनी तिथल्या स्वतंत्र समितीचं मत घेऊन परवानगी दिली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्या लसीच्या जगभरातल्या चाचण्यांची सुरक्षेची माहिती तपासली, मग होकार दिला. मला तर यात दिलासा वाटतो, दोन जणांनी एकमेकांचं न ऐकता स्वतः पाहिलं.

कोरा कागद

वाटसरूंचं पटतं, पण काकांनाही एकदम उडवून लावू नका. २०२० ची तीच घटना बघा. चाचणी थांबल्याची बातमी लोकांना आधी कळली ती पत्रकारांकडून. आजारी स्वयंसेविकेबद्दलचा तपशील कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांच्या खासगी फोन-बैठकीत सांगितला आणि तिथून तो फुटला. ज्यांच्या दंडात सुई गेली त्यांच्या आधी ज्यांचे पैसे गुंतलेत त्यांना कळत असेल, तर संशय येणारच. नंतर टीका वाढली आणि त्याच महिन्यात कंपनीने चाचणीचा पूर्ण आराखडा जाहीर केला. कुठल्या परिस्थितीत थांबायचं हे अशा आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं. तो पहिल्या दिवसापासून उघडा असता तर अर्धी भीती कमी झाली असती असं माझं ठाम मत आहे.

ब्राझीलमध्ये तर कळसच झाला. ९ नोव्हेंबर २०२० ला तिथल्या नियामक संस्थेने चिनी कोरोनाव्हॅक लसीची चाचणी एका स्वयंसेवकाच्या मृत्यूनंतर थांबवली. मृत्यूचा लसीशी संबंध नव्हता, ११ तारखेला चाचणी परत सुरूही झाली. पण मधल्या वेळात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हा आपला विजय असल्यासारखं जाहीर केलं होतं. सुरू झाल्याची बातमी थांबल्याच्या बातमीइतकी दूर कधीच पोचत नाही.

तेव्हा भावाला म्हणावं, लेखी विचार. एथिक्स कमिटीचा संपर्क संमतीपत्रावर असतो, ती कंपनीची नोकर नसते.

आजोळ

मी बालरोगतज्ज्ञ आहे. 'थांबवली म्हणजे लस वाईट' आणि 'थांबवणं म्हणजे नुसती औपचारिकता', दोन्ही चूक कसं ते एका जुन्या गोष्टीवरून सांगते.

रोटाशील्ड नावाची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची. मंजुरीआधीच्या चाचण्यांत लस दिलेल्या सुमारे १०,००० बाळांपैकी ५ जणांच्या आतड्यात आतडं शिरलं होतं. प्लासिबोच्या साधारण ४,६०० बाळांत १. आकडे इतके लहान की योगायोगही असू शकतो, म्हणून लस पुढे गेली. प्रत्यक्ष वापरात तक्रारी जमायला लागल्या, जुलै १९९९ मध्ये लस देणं थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून गेली. धोका साधारण दहा हजारांत एक निघाला. थांबवलं ते बरोबरच. पण त्याच आजाराने गरीब देशांत दरवर्षी लाखो मुलं दगावत होती आणि पुढच्या दोन लसींच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल यायला २००६ उजाडलं. त्या दोन्ही लसींची चाचणी प्रत्येकी ६०,००० हून जास्त बाळांवर झाली, एवढी मोठी ती मुख्यतः हा दुर्मीळ धोका दिसावा म्हणून. आज आम्ही रोटाव्हायरसची लस देतो तेव्हा आतड्याच्या या त्रासाची लक्षणं पालकांना सांगतो, ती सवय तिथून आली.

दुसरं, थांबण्याच्या काळात नुसतं हातावर हात ठेवून बसत नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनची लस १० दिवस थांबवली होती. तेव्हा ६८ लाखांहून जास्त डोस देऊन झाले होते आणि मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या ६ स्त्रिया सापडल्या होत्या. एवढ्याशा आकड्यासाठी थांबले म्हणून खूप टीका झाली, लोकांचा त्या लसीवरचा विश्वास घसरला तो घसरलाच. पण त्या दिवसांत डॉक्टरांना कळवलं गेलं की या गुठळीवर रक्त गोठू न देणारं नेहमीचं औषध, हेपॅरिन, देऊ नका, त्याने धोका वाढू शकतो. शोधायला लागल्यावर आणखी रुग्णही सापडले, एकूण १५ झाले. सहा ही संख्या लहान होती, म्हणून तो प्रश्न लहान नव्हता.

आईंना मी असं सांगेन: 'थांबले आहेत कारण त्यांना अजून माहीत नाही. माहीत नसताना टोचत राहिले असते तर मी स्वतः त्याला बाहेर काढलं असतं.'

वेळूबन

सगळ्यांचे मनापासून आभार.

भावाने फोन केला. डॉक्टरांनी मुंग्यांचं ऐकून त्याला बोलावून घेतलं, पायाची ताकद आणि रिफ्लेक्स तपासले, सगळं नीट आहे. नोंद मात्र केली. पुन्हा काही दिवसांनी बोलावलं आहे. त्याने ठरवलंय की तपासण्या सोडायच्या नाहीत, दुसऱ्या डोसचा निर्णय आढाव्याचा निकाल कळल्यावर घ्यायचा. एथिक्स कमिटीला पत्रही पाठवलं. त्यात एकच विचारलं, की आधी डोस घेतलेल्यांना सूचना का दिल्या नाहीत. उत्तर अजून यायचं आहे.

आईला आजोळताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, 'हे त्यांनी आधी का नाही कळवलं?' आत्या अजून रागावलेली आहे. तिला समजावण्याच्या भरीला मी सध्या पडत नाहीये. तिचा राग काळजीपोटी आहे.

एक शेवटचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले की चाचणी परत सुरू झाली तर नवीन संमतीपत्रावर सही करावी लागेल. हे नेहमीचं आहे की यात काही खोच आहे?

वाटसरू

नेहमीचं आहे, आणि तसंच व्हायला हवं. राहायचं की नाही या निर्णयावर परिणाम करेल अशी नवी माहिती मिळाली तर ती स्वयंसेवकाला सांगणं बंधनकारक असतं. जुनं आणि नवं संमतीपत्र शेजारी ठेवून वाचा, धोक्यांच्या परिच्छेदात काय वाढलंय ते शोधा. डॉक्टरांना म्हणा, बदललेला भाग खूण करून दाखवा. घरी नेऊन वाचायला वेळ मागा, तो हक्क आहे. समोर बसवून तिथल्या तिथे सही मागितली तर करू नका, आणि इथे लिहा.