मदत हवी आहे: भार वाढल्यावर प्रॉक्सीच्या लॉगमधल्या ओळी गळतात का, हे खात्रीने कसे तपासावे?

नमस्कार.

लिनक्सवरचा एचएप्रॉक्सी (रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम) आपला लॉग यूडीपीने, म्हणजे पोच न मागता पॅकेट धाडणाऱ्या पद्धतीने, त्याच यंत्रावरील आर-सिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रामला पाठवतो आणि आर-सिसलॉग तो फाइलमध्ये लिहितो, अशी आमची साधी रचना आहे. हा लॉग पुढे हिशेब जुळवण्यासाठी लागणार असल्यामुळे एकही ओळ गहाळ झालेली चालणार नाही. प्रॉक्सी किती वेगवान आहे, हा या चाचणीचा विषय नाही.

प्रत्येक रिक्वेस्टच्या यूआरएलमध्ये मी चढता क्रमांक घातला, सेकंदाला 8,000 या ठरावीक दराने 10 मिनिटे भार दिला आणि नंतर लॉगमधले क्रमांक क्रमाने लावून 1 ते 48,00,000 या यादीशी ताडून पाहिले. (पहिल्या खेपेस शेवटचे काही क्रमांक दिसेनात म्हणून उगाच घाबरलो, ओळ रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते हे विसरून फाइल घाईने उघडली होती.) खरी गळती मधेच आहे आणि ती विखुरलेली नाही: 20,31,114 नंतर थेट 20,31,502, मग बराच वेळ सारे सुरळीत.

एचएप्रॉक्सीची स्थिती दाखवणाऱ्या 'शो इन्फो' या आज्ञेतला 'ड्रॉप्ड लॉग्ज' (गळालेले लॉग) हा आकडा शून्यावरून हलत नाही, कारण पॅकेट रवाना झाले की त्याच्या लेखी काम संपले. नेटवर्कची आकडेवारी दाखवणाऱ्या 'नेटस्टॅट'मधला यूडीपीच्या 'रिसीव्ह बफर एरर्स'चा (आलेली पॅकेट वाचली जाईपर्यंत जिथे थांबतात तो बफर भरल्याने टाकलेल्या पॅकेटांचा) आकडा मात्र गहाळ ओळींइतकाच वाढतो. आमच्याकडे हा बफर 2,12,992 बाइटचा आहे आणि त्यात ओळीबरोबर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) स्वतःचा पसाराही मोजला जातो, त्यामुळे या दराला आर-सिसलॉग सेकंदाचा विसावा भाग जरी अडखळला तरी बफर भरून वाहतो.

बफर वाढवल्यावर त्याच चाचणीत गळती थांबली, पण माझे समाधान झालेले नाही. 10 मिनिटांच्या स्थिर भारात डिस्क नेमकी अडखळेलच असे नाही. म्हणून आर-सिसलॉगला 'स्टॉप' सिग्नल देऊन काही सेकंद मुद्दाम गोठवावे आणि पहिली ओळ केव्हा गळते ते मोजावे, असा विचार आहे. ही रीत ग्राह्य धरावी का, की तीत केवळ बफरचे आकारमान कळेल आणि फाइलमध्ये लिहिण्याचा खरा वेग अंधारातच राहील?

शिवाय यूडीपी सोडून रिंगमार्गे (एचएप्रॉक्सीच्या मेमरीतल्या चक्राकार बफरमधून) टीसीपीने, म्हणजे पोच घेणाऱ्या पद्धतीने, लॉग पाठवणाऱ्यांपैकी कोणी अशी चाचणी केली असल्यास, रिंग भरल्यावर गहाळ झालेल्या ओळी त्यांनी कोणत्या आकड्यावरून ओळखल्या, हे कृपया सांगावे.