रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरल्यास आयोडीनचे काय? घरात गर्भवती आहे

प्रश्न : नेरूळकर_ताई

आमच्या नेरूळच्या सोसायटीतील महिला मंडळाने गेल्या दोन महिन्यांपासून गुलाबी सैंधव एकत्रित मागवण्यास सुरुवात केली आहे. एरवी उपवासापुरते लागणारे हे मीठ आता बऱ्याच घरांत रोजच्या आमटी-भाजीतही पडू लागले आहे. मंडळाची खजिनदार म्हणून पुढच्या खेपेचे पैसे मी गोळा करणार आहे, तेव्हा त्याआधी माझी स्वतःची खात्री व्हावी असे वाटते. विक्रेत्याचे म्हणणे असे की, आयोडीनची कमतरता हा डोंगराळ भागातला प्रश्न आहे, आपण खाडीकाठी राहतो, त्यामुळे आपल्याला वेगळे आयोडीन लागत नाही.

माझी सून तिसऱ्या महिन्यात आहे आणि आमच्या घरी मासे किंवा अंडी होत नाहीत. शिवाय माझे यजमान अनेक वर्षे थायरॉइडची गोळी घेतात आणि आयोडीनयुक्त मिठानेच हा आजार वाढतो, असे शेजारच्या एका काकूंनी त्यांच्या मनात भरवले आहे. या दोन्ही बाबतींत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : ठाण्याची_शिक्षिका

ताई, मी ठाण्यात सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवते. आपल्या सुनेचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, म्हणून तो आधी घेते.

थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक तयार करते त्याचा आयोडीन हा घटकच आहे, आणि बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते, तोपर्यंत बाळाला लागणारे सर्व संप्रेरक आईकडूनच मिळते. म्हणजे आपल्या सुनेचे हे दिवस नेमके तेच आहेत, ज्यांत आईला आयोडीन कमी पडून चालत नाही. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, तर गर्भवतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. या काळात मोठी कमतरता राहिली तर मुलाच्या बुद्धीचे आणि श्रवणशक्तीचे जे नुकसान होते, ते नंतर कितीही आयोडीन दिले तरी भरून येत नाही. गळ्यावर दिसणारा गलगंड सर्वांच्या लक्षात येतो, पण हे नुकसान बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच मला त्याची जास्त धास्ती वाटते.

आपल्या देशात हे काम फार मोठ्या कष्टाने उभे राहिले आहे. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काही गावांना आयोडीनयुक्त आणि काहींना साधे मीठ पुरवून पाहिले, तेव्हा आयोडीन मिळालेल्या गावांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे पाहणी वाढत गेली तशी ही कमतरता मैदानी आणि किनारी जिल्ह्यांतही आढळली, आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार’ असे व्यापक करण्यात आले. खाण्यासाठी आयोडीनविरहित साधे मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० साली उठवली गेली होती, ती २००६ पासून पुन्हा लागू झाली. तेव्हा हा केवळ डोंगराळ भागाचा प्रश्न आहे, हे विक्रेत्याचे म्हणणे कित्येक वर्षांपूर्वीच मागे पडले आहे.

सैंधव हे प्राचीन समुद्र आटून जमिनीत राहिलेले खनिज मीठ आहे. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, आयोडीन मात्र नगण्य. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो आणि चिमूटभर मिठातून मिळणारी इतर खनिजे आहारात मोजण्याइतकीही नसतात. उपवासाच्या दिवशी ते जरूर वापरावे, मात्र रोजचे मीठ आयोडीनयुक्तच असावे. मीठ जास्त खा, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच मीठ हवे. दुकानातील मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असणे अपेक्षित आहे, म्हणजे ५ ग्रॅमांतून निदान ७५ मायक्रोग्रॅम मिळते. उरलेली गरज दूध, दही, मासे, अंडी यांतून भागते. आपल्याकडे मासे-अंडी नसल्याने सुनेच्या आहारात दूध-दही नियमित असू द्यावे आणि आयोडीनची पूरक मात्रा लागेल का, हे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पुढच्याच भेटीत विचारावे. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, कारण अति आयोडीनही थायरॉइडला बाधते.

आपल्या यजमानांविषयी : आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या समाजात थायरॉइड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच त्या ग्रंथीवर हल्ला करणे. गोळी चालू असलेल्या व्यक्तीला स्वयंपाकातले नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे सहसा कारण नसते. काही तपासण्या किंवा उपचारांच्या आधी डॉक्टर तात्पुरते पथ्य सांगतात, ती बाब वेगळी.

उत्तर : उरणचा_आगरी

ताई, आमच्या घराण्याची मिठागरे होती आणि लहानपणी मीही त्यांत राबलो आहे, म्हणून खाडीकाठच्या मिठाबद्दल लिहितो. भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवले जाते, शेवटच्या वाफ्यात दाणा धरतो आणि तो ओढून घेतला की मागे कडू पाणी उरते. पाण्यातले आयोडीन दाण्यात फारसे येत नाही, बहुतेक त्या कडू पाण्यासोबतच जाते.

आता हिशेब पाहा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असते ५० ते ६० मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी ५ ग्रॅम मिठातून आठ-नऊ मायक्रोग्रॅमच मिळेल, आणि प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही. मिठागराच्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तरीही सांगतो, आमचे खडेमीठ लोणच्याला, सुकटीला उत्तम, पण आयोडीन त्यात वरून घालावेच लागते. खाडीकाठी राहिल्याने आयोडीन मिळत नाही. ते मासळी खाल्ल्याने मिळते, आणि ती तर तुमच्या घरी होत नाही.

नेरूळकर_ताई

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला असून शनिवारच्या बैठकीत तोच आधी वाचून दाखवणार आहे. आमच्या इमारतीत आणखी दोघी गर्भवती आहेत आणि त्यांच्याही घरी हेच सैंधव गेले आहे, याची मला आता फार काळजी वाटते. त्यांना मी आजच भेटेन. एक शंका राहिली : फोडणीत, उकळत्या आमटीत आयोडीन उडून जाते का?

उत्तर : ठाण्याची_शिक्षिका

काही अंश जातो, सगळे जात नाही. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात आणि ते बऱ्यापैकी टिकाऊ असते. मात्र ओल, ऊन आणि सतत उघडे राहणे यांनी आयोडीन हळूहळू कमी होते, आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यात तर मिठाला पाणीच सुटते. म्हणून एक किलोचीच पिशवी आणावी, घट्ट झाकणाच्या बरणीत शेगडीपासून दूर ठेवावी आणि शक्य तिथे मीठ शेवटी घालावे. त्या दोघींना आजच भेटण्याचा आपला विचार योग्य आहे, शनिवारपर्यंत थांबू नका.